चौथी गाडी आणि चाळीस केबीची फाईल

गेल्या आठवड्यात हापिसात एका नवीन पोराचा कोड माझ्याकडे तपासायला आला. काम साधंच होतं. यंत्रावरून येणारे आकडे फाईलमध्ये साठवायचे. पठ्ठ्याने काय केलं, तर मेमरीतलं अख्खं स्ट्रक्चर उचललं आणि 'एफ-राइट'ने जसंच्या तसं फाईलमध्ये ओतलं. एका ओळीत खेळ खलास. मी खाली शेरा मारला, "असं करू नकोस." पाच मिनिटांत त्याचं उत्तर, "का? चालतंय की!"

आता या "का?"चं उत्तर शेऱ्याच्या त्या टीचभर चौकटीत मावणारं नव्हतं. म्हणून हा विकांत त्याच्या नावाने. तुमच्यापैकी जे प्रोग्रामिंगवाले नाहीत त्यांनी लगेच पळून जाऊ नका. यात कापूस आहे, मामा आहे, शेठ आहे आणि थोडे आकडे आहेत. आकड्यांची बेरीज-वजाबाकी चौथीतल्या पोराला जमेल इतपतच.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. बायनरी फाईल लिहिणं वाईट नाही. पण तिच्यात काय कुठे लिहिलंय हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात असेल, तर ती फाईल म्हणजे दुसऱ्याच्या मालावर लावलेलं आपलं कुलूप आहे. आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. असं कुलूप मी स्वतः लावलं होतं.

तर झालं असं. २०१७ ची दिवाळी. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत यवतमाळला घरी. माझा मामा जिल्ह्यातल्याच एका जिनिंगमध्ये काट्यावर बसायचा (जिनिंगचं नाव-गाव नको). कापसाची गाडी आली की आधी भरलेल्या गाडीचं वजन, मग कापूस खाली केल्यावर खाली गाडीचं वजन, वजाबाकी केली की निव्वळ माल. हे सगळं तो एका जाड वहीत लिहायचा आणि हातानेच काटापट्टी फाडून द्यायचा. मामा म्हणाला, "तू कॉम्प्युटर शिकून राहिली ना? मंग हे पट्ट्या छापायचं काही करून दे ना वं."

झालं! आमच्या अंगात विश्वकर्मा संचारला. कॉलेजात सी शिकवली होती ती डॉसबॉक्समध्ये टर्बो सी उघडून, १९९० च्या दशकातल्या त्या निळ्या पडद्यावर. (हो, २०१७ मध्ये. हसू नका, तुमच्यापैकी अर्ध्यांनी तेच केलंय.) मी मात्र जरा 'मॉडर्न' म्हणून घरच्या विंडोजवर नवा कंपायलर टाकला आणि तीन दिवसांत प्रोग्राम तयार. मामा काट्यावरचे आकडे टाइप करणार, डॉट मॅट्रिक्सवर पट्टी छापून निघणार, आणि प्रत्येक पट्टीची नोंद एका फाईलमध्ये जाऊन बसणार. बायनरी फाईलमध्ये, कारण ते जास्त 'प्रोफेशनल' वाटत होतं.

सगळे खूष. मामा इतका खूष की पंधरा दिवसांत त्याने वही लिहिणं बंद केलं. तेव्हा मला याचा अभिमान वाटला होता. आज हे वाक्य लिहिताना पोटात गोळा येतो.

तो हंगाम कसा होता हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. २०१७ म्हणजे गुलाबी बोंडअळीचं वर्ष. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. अळीने बोंडं आतून पोखरली, नेहमीच्या निम्माही कापूस अनेकांच्या घरात आला नाही. अशा वर्षी एक गाडी म्हणजे एक गाडी असते.

मार्च २०१८. धुळवडीला मी घरी आले, तर मामा तोंड पाडून बसलेला. एका शेतकरी काकांनी हंगामात चार गाड्या कापूस टाकला होता, चुकारा मिळाला तीन गाड्यांचा. जिनिंगच्या खात्यात तीनच गाड्या. काकांकडची चौथी पट्टी धुण्यात भिजून तिचा लगदा झालेला. हापिसातली प्रत हरवलेली. आणि वही? ती तर माझ्या कृपेने नोव्हेंबरातच बंद झालेली.

काका मामाला एवढंच म्हणाले होते, "चार गाड्या टाकल्या म्या भाऊ. मशीनमंधी असनच ना?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. "तुयाच पोग्राम हाय ना वं तो? मंग तूच काढून दे."

हो, मशीनमध्ये असणारच की! फाईल आहे, नोंद आहे, काढून देते पाच मिनिटांत, असं म्हणत मी पेनड्राइव्हवर फाईल घेऊन आले. साधारण ४० केबी. आजच्या एखाद्या गुड मॉर्निंगच्या फोटोपेक्षाही लहान. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही फाईल परत वाचणारा प्रोग्राम मी कधी लिहिलाच नव्हता. पट्टी थेट मेमरीतून छापली जायची. फाईलमध्ये पाच महिने नुसतं लिहिणं चालू होतं, एकदाही कुणी ती वाचून पाहिली नव्हती. मीसुद्धा नाही.

वाचायचा प्रोग्राम लिहिला. पंचवीस पावत्या झकास आल्या. आणि मग... शांतता. पुढे काहीच नाही. फाईलचा आकार सांगतोय की आत हजाराच्या वर नोंदी आहेत, आणि प्रोग्राम म्हणतोय पंचविसावर फाईल संपली!

इथे जरा थांबून बायनरी म्हणजे काय ते सांगते. ११४० हा आकडा टेक्स्ट म्हणून लिहिला तर एक, एक, चार, शून्य अशी चार अक्षरं, म्हणजे चार बाइट. बायनरीत तोच आकडा दोन बाइटमध्ये बसतो: ११६ आणि ४. कारण ४ गुणिले २५६ म्हणजे १०२४, अधिक ११६, झाले ११४०. एका बाइटमध्ये ० ते २५५ यातला कुठलाही आकडा. फाईल म्हणजे अशा आकड्यांची लांबच लांब माळ. त्यातला कुठला मणी वजनाचा, कुठला तारखेचा, हे माळेवर लिहिलेलं नसतं. ते लिहिणाऱ्याला माहीत.

आता विंडोजची एक जुनी खोड. फाईल उघडताना 'मी बायनरी लिहिणार आहे' असं स्पष्ट सांगितलं नाही, म्हणजे मोड देताना एक 'बी' अक्षर जोडलं नाही, तर ते फाईल टेक्स्ट समजून चालतं. टेक्स्टमध्ये १० या बाइटचा अर्थ 'नवी ओळ'. विंडोजच्या पद्धतीने नवी ओळ म्हणजे १३ आणि १० अशी जोडी. म्हणून तुम्ही १० लिहिलात की ते गुपचूप त्याच्या आधी १३ घुसडतं. आणि वाचताना २६ हा बाइट दिसला की 'फाईल संपली' असं समजतं. ही तर डॉसच्याही आधीच्या काळातली सवय, अजून सुटलेली नाही.

मी 'बी' लावला नव्हता. पावती नंबर २६ चा पहिलाच बाइट २६. म्हणून पंचवीस पावत्यांनंतर दुकान बंद!

बरं, आता 'बी' लावून वाचलं. तर नवव्या पावतीपर्यंत सगळं ठीक आणि दहाव्यापासून सगळा गोंधळ. नावाच्या जागी वजन, वजनाच्या जागी तारीख. कारण पावती नंबर १० मध्ये १० हा बाइट, त्याच्या आधी एक १३ घुसलेला, म्हणून पुढची अख्खी माळ एक मणी पुढे सरकलेली. पुढे नंबर २६६ ला तेच, ५२२ ला तेच. महिन्याच्या दर १० तारखेला तेच. आणि वजनांचं तर विचारूच नका. ज्या वजनाचा वरचा बाइट १० आहे, म्हणजे २५६० ते २८१५ किलोमधलं प्रत्येक वजन, तिथे एक १३ जास्त. आमच्या जिनिंगला नेहमी येणाऱ्या एका टेम्पोचं खाली वजन होतं २५७० किलो. २५७० म्हणजे १० गुणिले २५६ अधिक १०. दोन्ही बाइट १०! तो टेम्पो आला की फाईलमध्ये दोन-दोन १३ वाढणार.

अजून गंमत बाकी होती. माझ्या हिशोबाने एक नोंद ३४ बाइटची: पावती नंबर ४, दिवस १, महिना १, वर्ष २, नाव २०, तीन वजनं प्रत्येकी २. पण कंपायलरला चारच्या पटीतले आकडे आवडतात, म्हणून त्याने शेवटी दोन रिकामे बाइट जोडून प्रत्येक नोंद ३६ ची केली. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. (किंवा सांगितलं असेल, मी शेवटच्या बाकावर असेन.) शिवाय नावासाठी ठेवलेल्या २० बाइटमध्ये छोटं नाव आलं की त्याच्या पुढे आधीच्या शेतकऱ्याच्या मोठ्या नावाचं शेपूट तसंच. म्हणजे एकाच्या नोंदीत दुसऱ्याचं अर्धं नाव. तिथे ते निरुपद्रवी होतं. हीच गोष्ट एखाद्या दवाखान्याच्या किंवा बँकेच्या प्रोग्राममध्ये झाली तर?

शुक्रवारची धुळवड गेली, शनिवार गेला, अर्धा रविवार गेला. शेवटी उलगडा झाला तो सोपा होता. प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसलाय, म्हणजे प्रत्येक १० च्या आधीचा एक १३ काढला की मूळ माळ परत मिळते. काढला. ३६ चे तुकडे पाडले. आणि सगळ्या पावत्या रांगेत उभ्या राहिल्या.

काकांच्या नावावर चार गाड्या होत्या. चौथी १० जानेवारी २०१८ ची. भरलेली गाडी ३७१०, खाली गाडी २५७०, निव्वळ ११४०. अकरा क्विंटल चाळीस किलो. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४३२० रुपये होता. त्या भावाने धरलं तरी ४९ हजार २४८ रुपये. बोंडअळीच्या वर्षात.

मी उड्या मारत तो कागद छापून शेठकडे गेले. शेठ चांगला माणूस, पण शेठ. त्याने कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, "बेटा, हा कागद तर तू आत्ता छापला ना? तुझाच प्रोग्राम, तुझीच फाईल, वाचणारी पण तूच. उद्या तू पाचवी गाडी काढशील, मी काय करणार?"

मला प्रचंड राग आला. पण तो बरोबर बोलत होता. जी फाईल जगात एकच माणूस वाचू शकतो, ती पुरावा नसतेच. त्या माणसाचा शब्द असतो फक्त. काकांनी माझ्यावर विश्वास का ठेवायचा आणि शेठने तरी का ठेवायचा?

गाडी सुटली ती कशाने? टेम्पोवाल्या भाऊंच्या डायरीने. ते रोजच्या खेपा आणि डिझेल एका फाटक्या खिशातल्या डायरीत लिहायचे. १० जानेवारीला काकांच्या गावाहून जिनिंग, एक खेप, भाडं इतकं. निळ्या शाईत, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात. शेठने डायरी पाहिली, माझा कागद पाहिला, आणि आठ दिवसांनी काकांचा चुकारा झाला. दुसऱ्या दिवसापासून मामाने वही परत सुरू केली, प्रोग्रामच्या जोडीला. मी हूं की चूं केलं नाही.

असो. तर आता माझ्या हापिसातल्या पोराच्या "का?"चं उत्तर.

बायनरी फाईल नीट लिहायची म्हणजे काय, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे पीएनजी चित्राची फाईल. १९९६ साली हे फॉरमॅट ठरलं. तुमच्या मोबाइलमधल्या कुठल्याही पीएनजीचे पहिले आठ बाइट उघडून बघा: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधले ८०, ७८, ७१ म्हणजे 'पी', 'एन', 'जी' ही अक्षरं. आणि शेवटचे चार बघा! १३, १०, २६, १०. मला रडवणारे सगळे आकडे तिथे मुद्दाम मांडून ठेवलेत. कुणी फाईल टेक्स्ट समजून हाताळली आणि एखादा १३ घुसडला किंवा उडवला, तर पहिल्या आठ बाइटमध्येच कळतं की फाईल बिघडली. म्हणजे ज्यांनी हे फॉरमॅट केलं त्यांनी माझ्यासारखीचा विचार आधीच करून ठेवला होता. :)

दुसरं उदाहरण आपल्या ओळखीचं. आपल्याकडच्या कितीतरी पतसंस्था, सोसायट्या, दुकानं वर्षानुवर्षं फॉक्सप्रोवर चालली. फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टने १९९२ साली विकत घेतलं आणि २०१५ साली त्याचा आधारही बंद केला. पण त्याच्या डीबीएफ फाईल आजही उघडतात. का? कारण डीबीएफ फाईल स्वतःची ओळख स्वतःबरोबर घेऊन फिरते. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की शेवटचा बदल कधी झाला, नोंदी किती, एक नोंद किती बाइटची. मग प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटचा एक तुकडा: रकान्याचं नाव, प्रकार, लांबी. खोडलेल्या नोंदीच्या आधी एक फुली, चालू नोंदीच्या आधी रिकामी जागा. प्रोग्राम गेला, कंपनीने हात वर केले, पतसंस्थेचा मॅनेजर रिटायर झाला, तरी खातेदाराची शिल्लक वाचता येते. आता माझ्या फाईलशी तुलना करा. तिच्या पहिल्या बाइटपासून थेट पावती नंबर १. ही कसली फाईल, कुणाची, कधीची, काही नाही.

मग काय करायचं? माझी साधी पथ्यं सांगते.

एक. फाईलच्या सुरुवातीला ओळख लिहा: चार-आठ ठरावीक बाइट आणि पुढे आवृत्तीचा नंबर. उद्या तुम्ही एक रकाना वाढवाल, तेव्हा जुनी फाईल कुठली आणि नवी कुठली हे कळायला हवं.

दोन. मेमरीतलं स्ट्रक्चर जसंच्या तसं ओतू नका. एकेक रकाना, ठरलेल्या लांबीने आणि ठरलेल्या क्रमाने लिहा. क्रम का? कारण ११४० चे दोन बाइट काही यंत्रं ११६, ४ असे लिहितात आणि काही ४, ११६ असे. उलट वाचलं तर ११६ गुणिले २५६ अधिक ४, म्हणजे २९,७००. अकरा क्विंटल चाळीस किलोचे थेट २९७ क्विंटल! काका एका रात्रीत श्रीमंत, शेठ रस्त्यावर. या दोन पंथांना 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' ही नावं डॅनी कोहेन यांनी १९८० साली दिली, गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंडं कुठल्या टोकाने फोडायचं या भांडणावरून. कुठलंही टोक घ्या, पण कुठलं घेतलं ते लिहा.

तीन. नावं मराठीत लिहिणार असाल तर अक्षरं मोजू नका, बाइट मोजा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना आणि अनुस्वारसुद्धा. 'यवतमाळ' म्हणजे सहा चिन्हं, १८ बाइट. वीसच्या रकान्यात कसंबसं बसतं. 'पांढरकवडा' म्हणजे नऊ चिन्हं, २७ बाइट. तोच रकाना त्याला 'पांढरक'वर कापणार आणि पुढे 'व'चा एखादा तुकडा लोंबकळत ठेवणार. मग पडद्यावर ते काळं प्रश्नचिन्ह येतं आणि लोक म्हणतात, "मराठीचा फॉन्ट नाही वाटतं." फॉन्टचा काय दोष?

चार. लिहिलेली फाईल त्याच दिवशी परत वाचून बघा. दुसऱ्या यंत्रावर वाचलीत तर उत्तमच. मी सुरुवातीलाच सव्वीस पावत्या जरी परत वाचल्या असत्या तरी पुढचं रामायण टळलं असतं.

पाच. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. एक पानभर लिहून ठेवा. साध्या भाषेत, फाईलशेजारीच: बाइट १ ते ४ पावती नंबर, ५ वा दिवस, ६ वा महिना... याला वीस मिनिटं लागतात. ते पान शेठकडे असतं तर शेठने दुसऱ्या कुणा पोराकडून फाईल वाचून घेतली असती आणि माझ्या शब्दावर काही अडलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कटकट कशाला, सगळं टेक्स्टमध्येच लिहावं की! लहान कामाला मी पण तेच सांगेन. काटापट्टीच्या हजार ओळींना सीएसव्ही पुरेशी होती. पण टेक्स्ट म्हणजे आपोआप मोक्ष नाही. आपल्याकडे १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरलं, पुण्याच्या सी-डॅकने त्यासाठी मोठं काम केलं, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली. तरी पुढे कित्येक वर्षं डीटीपीच्या दुकानांत प्रत्येक फॉन्टचा आपापला संकेत चालू राहिला. त्या काळातली लग्नपत्रिका आज तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडा. मंगलाष्टकांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ते 'टेक्स्ट'च होतं बरं का! आणि उलट, तुमच्या सातबाऱ्याची पीडीएफ ही बायनरी असूनही कुठल्याही फोनवर उघडते, कारण पीडीएफ कसं वाचायचं हे २००८ पासून आयएसओचं जाहीर मानक आहे. मोठं काम असेल तर सरळ एसक्यूलाइट वापरा. त्या फाईलची रचना बाइट न् बाइट जाहीर आहे आणि २०५० पर्यंत ती सांभाळायचा इरादा त्या मंडळींनी सांगून ठेवलाय. सांगायचं हे की प्रश्न टेक्स्ट की बायनरी हा नाहीच. वाचायची रीत कुणाकुणाला माहीत आहे, हा आहे.

हल्ली आणखी एक उत्तर मिळतं: "एआयला फाईल दे, तो ओळखेल." ओळखेलही. पण शेठचा प्रश्न तिथेही उभाच. अंदाजाने वाचलेलं वजन आणि लिहिलेल्या रीतीने वाचलेलं वजन यात फरक आहे, आणि पैसे दुसऱ्यावर मिळतात.

हे फक्त आम्हा कोडवाल्यांचं रडगाणं वाटत असेल तर २०२३ साल आठवा. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायची वेळ आली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक सोन्याचा भाव आला. कागद होते, शाई होती, शंभर-दीडशे वर्षं जपून ठेवलेलं सगळं होतं. वाचणारे कमी पडले. तरी मोडीचं नशीब बरं. ती कधीकाळी लाखो लोकांना येत होती आणि आजही शिकता येते. माझ्या फाईलची लिपी जगात एकीलाच येत होती. तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका पोरीला, आणि तीही अर्धवट.

आणि तुम्ही कोड लिहीत नसाल तरी तुमची माहिती कुणाच्या तरी फाईलमध्ये आहेच. सोसायटीचा मेंटेनन्स, मुलाच्या लसी, आईचे रक्ताचे रिपोर्ट, क्लासची फी. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यात आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात परत मागण्याचा हक्क आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता, २०२३ च्या कायद्यातून गळला. म्हणजे कायदा आपल्यासाठी विचारणार नाही, आपणच विचारायला हवं. पुढच्या वेळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी नवं सॉफ्टवेअर विकायला आला की त्याच्या रंगीत स्लाइडा झाल्यावर एवढंच विचारा: "उद्या तुम्ही नसलात तर आमचा हिशोब आम्हाला कसा वाचता येईल? ते लिहून द्या." चेहऱ्यावरून बरंच कळतं.

त्या नवीन पोराला मी हे सगळं चहाच्या टपरीवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग मॅडम, ती फाईल आता कुठंय?"

माझ्याकडेच आहे. सोबत एक पानही आहे, २०१८ च्या एप्रिलमध्ये लिहिलेलं: बाइट १ ते ४ पावती नंबर, ५ वा दिवस, ६ वा महिना. एक प्रत मामाकडे आणि एक शेठच्या कपाटात. सोमवारी त्या पोराचा कोड परत तपासायला येईल. सोबत एक पान असेल तर मी लगेच पास करणार.

चू.भू.दे.घे.